जुना बैठा बंगला घ्यायचाय? सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विजापूर रोड, होटगी रोड, सम्राट चौक, दमाणी नगर, जुळे सोलापूर. बँकेतल्या, शाळेतल्या, रेल्वेतल्या, गिरणीतल्या माणसांनी पै-पै जमवून तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेली बैठी घरं या भागांत आता विक्रीला निघाली आहेत. मुलं पुण्यात नाहीतर हैदराबादेत स्थिरावली, म्हाताऱ्या माणसांना एवढं घर झेपेना, मग गेटला पाटी लागते. अशी घरं तपासून त्यांची किंमत सांगणं हे आमचं रोजचं काम. घेणारे आणि विकणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

एजंट म्हणतो, "घराचं काही धरू नका, फक्त प्लॉटचा भाव बोला." खरं आहे का?

अर्धं खरं. घर पाडून अपार्टमेंट उभारणाऱ्या बिल्डरच्या लेखी जुन्या घराची किंमत शून्यच, उलट पाडायचा खर्च अंगावर. तुम्हाला तिथे राहायचं असेल तर हिशेब वेगळा होतो. आणि विकणाऱ्याच्या मनातला हिशेब तिसराच असतो. त्यात सागवानी दारं, आईने लावलेला पारिजातक आणि "तेव्हा सिमेंट कसं असली मिळायचं" हे सगळं रुपयांत धरलेलं असतं.

राहण्यासाठी घेणाऱ्याने एकच प्रश्न धरून बसावं: मोठा खर्च न करता या घरात मला किती वर्षं काढता येतील? घराची किंमत त्या वर्षांची असते.

उदाहरण घेऊ. आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून धरलेत. ४० बाय ६० फुटांचा प्लॉट, म्हणजे २,४०० चौरस फूट. त्यावर ९०० चौरस फुटांचं, ४० वर्षं झालेलं विटांचं घर. असंच घर आज बांधायला चौरस फुटाला २,००० रुपये धरले तर १८ लाख होतात. अशा बांधकामाचं एकूण आयुष्य ६० वर्षं धरलं आणि शेवटी दारं-खिडक्या, लोखंड, विटांचे म्हणून १० टक्के सुटतील असं मानलं, तर ४० वर्षांची घट ६० टक्के. उरले ७ लाख २० हजार. आता गच्चीची गळती, वायरिंग आणि नळकाम यांना साडेचार लाख लागणार असतील तर ते वजा करा. घराचे धरायचे २ लाख ७० हजार, आणि प्लॉटची किंमत वेगळी.

म्हणजे एजंट म्हणतो तसं शून्य नाही, आणि मालक मनात धरून बसलेत तसे पंधरा लाखही नाहीत. मात्र हाच हिशेब एखाद्या घराचा उणे येतो. तिथे प्लॉटच्या भावातूनसुद्धा कमी करून मागायला लाजू नका.

मग प्लॉटचा भाव कसा काढायचा?

रेडीरेकनर हा सुरुवातीचा आकडा. तो मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला दर आहे. बाजार त्याच्या वर असतो, क्वचित खालीही असतो. त्याच गल्लीतले गेल्या दोन-तीन वर्षांतले व्यवहार बघायचे तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या 'ई-सर्च' सेवेवर इंडेक्स २, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, शोधता येतो. दस्तात लिहिलेली रक्कम रेडीरेकनरला चिकटलेली दिसली तर तिच्यावर विसंबू नका. शेजारी दोन घरं सोडून कोणी विकलं असेल त्यांच्याकडे चहाला जा. सोलापुरात माणूस अजून खरं सांगतो, निदान दुसऱ्याच्या घराबद्दल तरी.

भाव खालीवर करणाऱ्या गोष्टींत समोरच्या रस्त्याची रुंदी सगळ्यात मोठी. किती मजले चढवता येतील, किती चटई क्षेत्र (सगळे मजले मिळून करता येणारं बांधकाम) मिळेल हे रस्त्यावर अवलंबून असतं. २० फुटी बोळातला आणि ४० फुटी रस्त्यावरचा प्लॉट एकाच नगरात असले तरी एका भावाचे नाहीत. पुढे-मागे पुनर्विकासाचा विचार असेल तर हा फरक जास्तच बोचतो.

होटगी रोड आणि मजरेवाडीच्या बाजूला विमानतळामुळे बांधकामाच्या उंचीवर मर्यादा आहे. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली ती याच कारणाने, हे सगळ्या शहराने पाहिलंय. बैठ्या घरात राहणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. पण "इथे उद्या सात मजली होईल" असं सांगून कोणी भाव लावत असेल तर आधी उंचीचा ना हरकत दाखला विचारा.

क्षेत्रफळाबाबत एक: मालमत्ता पत्रकावर (प्रॉपर्टी कार्डावर) चौरस मीटर असतात, तोंडी व्यवहार चौरस फुटांत आणि जुनी माणसं गुंठ्यांत बोलतात. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. टेप घेऊन स्वतः मोजा. कंपाउंडची भिंत हद्दीवरच आहे असं गृहीत धरू नका.

पहिल्या भेटीत नेमकं काय बघावं?

आधी गच्ची, मग खालचं छत. हॉल शेवटी. विकायच्या घराला रंग ताजा असतोच, आणि रंगवलेला हॉल बघून आलेल्या माणसाला नंतर काहीच दिसत नाही.

गच्चीवर पॅरापेटची, म्हणजे कठड्याची, उंची मोजा. यामागे कारण आहे. जुन्या घरात गळती सुरू झाली की गवंडी जुना कोबा, म्हणजे पाणी अडवायला घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर, न काढता त्यावरच नवा थर घालतो. दहा वर्षांनी आणखी एक. चार इंची विटबंदी कोब्याच्या एका थराचं वजन चौरस मीटरला साधारण २०० किलो भरतं, तर गच्चीवर माणसांच्या वावरासाठी म्हणून धरलेला भार १५० किलोच्या आसपास असतो. असे दोन थर वाढले म्हणजे त्या बिचाऱ्या स्लॅबवर कायमची गर्दी उभी केल्यासारखं झालं. बांधताना तीन फूट असलेला पॅरापेट आज सव्वादोन फूट भरत असेल, तर उरलेले नऊ इंच पायाखाली आहेत. पाणी जायची भोकंही अशाने अर्धी बुजतात, त्यात कडुनिंबाचा पाला अडकतो आणि पहिल्या मोठ्या पावसात गच्चीचं तळं होतं.

मग खाली या. न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि जिन्याखालची जागा, या तीन ठिकाणी छताकडे टॉर्च मारा. सरळ रेषेत तांबूस डाग दिसले तर आतली सळई गंजतेय. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो आतून काँक्रीटला ढकलतो आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात. लांब काठीने छत ठोकत जा. धड काँक्रीट टणटणीत वाजतं, सुटलेलं भद वाजतं. एखाद-दुसऱ्या ठिकाणी भद वाजलं तर दुरुस्ती होते. अर्धी खोली तसंच बोलत असेल आणि सळया बोटाने पापुद्रे निघतील इतक्या खाल्ल्या गेल्या असतील, तर त्या स्लॅबची किंमत उणे धरून चाला.

काँक्रीटच्या स्लॅबऐवजी लोखंडी गर्डरवर दगडी फरश्या टाकलेलं छत शहराच्या जुन्या भागात अजून दिसतं. तिथे गर्डरची टोकं भिंतीत जातात तो भाग बघा. गंज तिथून सुरू होतो.

भिंतींना तडे आहेत. घर सोडून द्यावं का?

सगळे तडे सारखे नसतात, आणि तडा नाही असं चाळीस वर्षांचं घर सोलापुरात आम्हाला अजून भेटायचंय.

स्लॅब आणि भिंत मिळते तिथे आडवी बारीक रेष असेल तर बहुतेक वेळा ती उन्हाची. मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, दिवसभर स्लॅब तापून फुगतो, रात्री आकसतो, आणि भिंतीला तेवढी हालचाल जमत नाही. दिसायला वाईट, पण घाबरण्यासारखं काही नाही. गच्चीला पांढरा लेप दिला की हा त्रासही कमी होतो आणि घरही.. निदान पंखा लावून झोपण्याइतकं गार राहतं.

मागून जोडलेल्या खोलीच्या सांध्यावर उभा तडा असतो. नव्या खोलीचा पाया वेगळा खचला, जुन्याचा वेगळा. तोही बहुधा जुना आणि थांबलेला असतो.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघून जमिनीकडे किंवा छताकडे जाणारा तडा मात्र गांभीर्याने घ्या. वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर आणखीच. पाया हलतोय असा त्याचा अर्थ. आपल्याकडे काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर घर दरवर्षी थोडं वर-खाली होतं. म्हणून असा तडा मे महिन्यात उघडतो आणि सप्टेंबरात मिटल्यासारखा दिसतो. पावसाळ्यानंतर घर बघितलं तर तो दिसणारही नाही. भिंतीला लागून मोठं झाड असेल तर ते माती आणखी शोषून घेतं.

तडा जिवंत आहे की मेलेला हे ओळखायचा जुना उपाय अजून चालतो. तड्यावर आडवी पातळ काचपट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवायची, बाजूला पेन्सिलीने तारीख लिहायची. पट्टी फुटली तर हालचाल चालू आहे. विकणारा दोन महिने थांबायला तयार नसेल, तर शेजारच्या चार घरांच्या भिंती बघा आणि जवळपास कुठे पायाचं खोदकाम चालू असेल तिथे मुरूम किती फुटांवर लागला ते विचारा. पाच मिलिमीटरपेक्षा रुंद तिरका तडा दिसला की स्ट्रक्चरल इंजिनिअरला नेल्याशिवाय विसार देऊ नये.

हे घर लोड बेअरिंग (खांबांऐवजी भिंतींवर पेललेलं) आहे. भूकंपाला टिकेल का? वर एक मजला चढवता येईल का?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा धक्का सोलापुरानेही अनुभवला. तिथे माणसं मारली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि त्यांवरच्या जड माळवदांनी. सिमेंटमध्ये बांधलेली नऊ इंची विटांची भिंत आणि वर काँक्रीटचा स्लॅब हे त्याहून पुष्कळ बरं. तरी घर १९९३ च्या आधीचं असेल तर दारं-खिडक्यांच्या वर सलग लिंटेल पट्टा (काँक्रीटची आडवी पट्टी) आहे की प्रत्येक दारावर सुटा तुकडा आहे, हे बघून घ्या. सलग पट्टा घराला चारही बाजूंनी बांधून ठेवतो.

मजल्याचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच असतं. मालक सांगतात, "दोन मजल्यांचा पाया घेतलाय." असेल. मंजूर नकाशा दाखवा म्हणा, एका कोपऱ्यात पाया उघडून बघू द्या म्हणा. दोन्हीला नकार आला तर वरचा मजला तुमच्या हिशेबातून काढून टाका. आणि हॉल मोठा करायला मधली भिंत पाडायचा बेत असेल तर आधी विचारा ती कशाला टेकू देते आहे. लोड बेअरिंग घरात भिंत हाच खांब असतो.

पाण्याचं काय?

सोलापुरात घराची किंमत ठरवताना हा प्रश्न पहिला यायला हवा, आणि बाहेरगावहून येणारे लोक हाच विसरतात. उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून येतं आणि नळ रोज येत नाही. काही दिवसांआड येतो, काही भागांत मध्यरात्री येतो, आणि कुठल्या गल्लीत किती जोराने येतो हे त्या गल्लीतल्या बायकांइतकं कोणालाच माहीत नसतं. तेव्हा शेजारच्या काकूंना विचारा: नळ कितव्या दिवशी येतो, किती वाजता, किती वेळ, आणि मोटार न लावता हौदात पडतो का?

मग हौद मोजा. दरमाणशी रोज १३५ लिटर हा नगरपालिका नियोजनातला नेहमीचा आकडा. पाच माणसं आणि पाच दिवस धरले तर ३,३७५ लिटर लागतात. सहा फूट लांब, पाच फूट रुंद, चार फूट खोल हौदात जवळपास ३,४०० लिटर मावतं. म्हणजे एवढा हौद असेल तर बेतास बात. जुन्या घरांत बऱ्याचदा याच्या निम्माच असतो, आणि अंगणात नवा खोदायचा तर काळ्या मातीत त्याच्या भिंती काँक्रीटच्याच घ्याव्या लागतात.

हौद उपसून रात्रभर भरून ठेवायला सांगा आणि सकाळी पातळी बघा. दोन-तीन इंच उतरली असेल तर हौद गळतोय, आणि ते पाणी बहुधा घराच्या पायाकडेच चाललंय. वरच्या परिच्छेदांतला तिरका तडा आठवतोय ना?

बोअर आहे म्हणून कोणी फुशारकी मारली तर एप्रिल-मे महिन्यात पाणी असतं का ते विचारा. बोअरचं पाणी जड असतं. गिझर, नळाच्या तोट्या आणि काळ्या फरशीवरचे पांढरे डाग ते सांगतातच. नळजोड कोणाच्या नावावर आहे आणि पाणीपट्टी थकली आहे का, हेही त्याच फेरीत.

ड्रेनेज?

१९९२ च्या हद्दवाढीत आलेल्या भागांत महापालिकेची ड्रेनेज लाइन उशिरा पोचली. घर लाइनला जोडलेलं आहे की अजून सेप्टिक टँकवरच आहे, ते चेंबरची झाकणं उघडून बघा. जुने चिनी मातीचे पाइप असतील आणि वरून कडुनिंबाची मुळं जात असतील तर पाइप बदलायचा खर्च धराच.

वायरिंग चालेल का?

लाकडी पट्टीवरची वायर, पांढरे चिनी मातीचे फ्यूज आणि दोन पिनांचे प्लग दिसले तर सगळं नवं करायचं, वाद नको. त्या काळी घरात दोन पंखे आणि एक फ्रिज होता. तुम्ही दोन एसी आणि गिझर लावणार. अर्थिंग नव्याने करून घ्या.

शहाबादी फरशी काढून टाइल्स टाकाव्यात का?

कशाला? शहाबाद इथून रेल्वेच्या वाटेवर, म्हणून ही फरशी सोलापूरच्या घराघरांत आली. उन्हाळ्यात दुपारी तिच्यावर नुसतं आडवं पडलं तरी बरं वाटतं. पॉलिश करून घ्या. फरशी एका बाजूला खचली असेल, किंवा चालताना पोकळ वाजत असेल, तर मात्र उचलून खालचा भराव बघायला हवा. हा आमचा कल आहे. ज्यांना चकचकीत हवं त्यांनी खुशाल बदलावी.

कोणकोणती कागदपत्रं मागायची?

खरेदीखत आणि त्याच्या मागची साखळी, इंडेक्स २, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, त्यावरचे फेरफार, बिनशेती आदेश, मंजूर ले-आउट, बांधकाम परवाना व नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, कर आणि पाणीपट्टीच्या पावत्या. वकिलाकडून किमान ३० वर्षांचा शोध अहवाल आणि स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस. विकास आराखड्यात प्लॉटवरून रस्ता किंवा आरक्षण जात नाही ना, यासाठी महापालिकेकडून झोन दाखला आणि भाग नकाशा.

कागद कुठला मिळेल हे घर कुठे आहे त्यावर ठरतं. जुन्या शहरात नगर भूमापन झालेलं आहे, तिथे मालमत्ता पत्रक मिळतं. बाळे, शेळगी, मजरेवाडी, कुमठे, सोरेगाव, देगाव ही गावं १९९२ मध्ये हद्दीत आली. तिथल्या त्याआधीच्या घरांना परवानगी ग्रामपंचायतीची असू शकते आणि जमिनीचा उतारा अजून सातबाराच असू शकतो. एवढ्यावरून घर बेकायदा ठरत नाही. पण बिनशेती आदेश मात्र हवाच, आणि त्यातल्या प्लॉटचं माप आजच्या कंपाउंडशी जुळायला हवं. जुळत नसेल तर भूमी अभिलेखकडून सरकारी मोजणी करून घ्या, विसाराआधी.

कराची पावती दाखवून "बघा, घर आमच्या नावावर आहे" असं सांगणारे पुष्कळ. पावतीवर नाव असतं ते कर भरणाऱ्याचं. त्याने मालकी सिद्ध होत नाही.

मालमत्ता पत्रकावर अजून आजोबांचंच नाव आहे. वारस पाच-सहा. घ्यावं का?

घ्यावं, पण सगळ्यांच्या सह्या झाल्यावर. जुन्या बंगल्यांचे व्यवहार स्लॅबपेक्षा इथेच जास्त फसतात.

हिंदू वारसा कायद्याप्रमाणे एखाद्याने स्वतः घेतलेलं घर मृत्युपत्राशिवाय मागे राहिलं तर पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर त्याची आई, सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. घर वडिलोपार्जित असेल तरी २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि तो जन्माने मिळतो, दुरुस्तीच्या वेळी वडील हयात नसले तरी मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा "ताई विजापूरला दिलीय, तिचं काही म्हणणं नाही" हे वाक्य ऐकलं की समजावं, ताईला अजून विचारलेलं नाही. ताईने नोंदणीकृत हक्कसोड पत्र करून द्यावं किंवा खरेदीखतावर स्वतः सही करावी. लग्नात दिलेलं सोनं हा त्यावरचा तोडगा नाही.

कोणी परदेशात असेल तर मुखत्यारपत्र लागतं. ते राज्यात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं, आणि व्यवहाराच्या दिवशी ते देणारा हयात आहे याची खात्री हवी. नुसत्या मुखत्यारपत्रावर घर 'विकत' मिळत नाही. नोंदलेलं खरेदीखतच लागतं.

गुंठेवारीतलं घर घ्यावं का?

गुंठेवारी म्हणजे मंजूर ले-आउटशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेले प्लॉट. घर नियमित झालेलं असेल तर विचार करा. गुंठेवारीचा कायदा २००१ चा. त्याची मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना मिळाली. नियमितीकरणाचा दाखला आणि शुल्काची पावती हातात असावी. "प्रकरण टाकलंय, होऊन जाईल" यावर भाव देऊ नये.

सोसायटीचा प्लॉट आहे असं सांगतात. अडचण येते का?

आपल्याकडची बरीच नगरं गृहनिर्माण सहकारी संस्थांनी वसवली. संस्थेकडे सभासदत्व हस्तांतर, थकबाकी नसल्याचा दाखला हे लागतं. संस्थेचे पदाधिकारी कोण, हेच कधी कधी शोधावं लागतं. संस्थेला जमीन सरकारने दिली असेल तर उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असं लिहिलेलं आढळेल. मग जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री म्हणजे शर्तभंग, आणि त्याचा भुर्दंड घेणाऱ्याच्या गळ्यात.

मागच्या खोलीत जुने भाडेकरू आहेत. "ते जातील हो" असं मालक म्हणतात.

खोली रिकामी झाल्यावरच खरेदीखत. वीस-तीस वर्षांच्या भाडेकरूला १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असतं, मालक बदलल्याने ते जात नाही.

बँक अशा घरावर कर्ज देते का?

देते, कागद धड असतील तर. बँकेचा मूल्यांकनकार घराचं उरलेलं आयुष्य लिहितो आणि कर्जाची मुदत त्याच्या आत बसवली जाते. मंजूर नकाशात नसलेली खोली तो मोजत नाही. रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्के, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के मिळू शकतात. ही किंमत मूल्यांकनकाराने लिहिलेली, तुम्ही ठरवलेली नव्हे. दुरुस्तीचे पैसे सहसा खिशातूनच जातात, म्हणून सगळी बचत विसारात ओतू नका.

खरेदीवर वरखर्च किती?

महापालिका हद्दीत ५ टक्के मुद्रांक शुल्क आणि १ टक्का अधिभार, म्हणजे ६ टक्के. खरेदी फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. ठरलेली किंमत आणि रेडीरेकनरची किंमत यांत जी जास्त असेल तिच्यावर शुल्क लागतं. ४५ लाखांच्या घराला ६ टक्क्यांनी २ लाख ७० हजार, अधिक ३० हजार, असे ३ लाख झाले. रेडीरेकनर काढताना बांधकामाच्या वयानुसार घसारा मिळतो. घर जुनं असल्याचा पुरावा, म्हणजे जुना कर आकारणी उतारा, सोबत ठेवा.

किंमत ५० लाख किंवा वर गेली तर घेणाऱ्यानेच विकणाऱ्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (आगाऊ आयकर) कापून भरायचा असतो. विकणारा अनिवासी असेल तर कपात खूपच जास्त, तेव्हा आधी सीएला गाठा.

"थोडे चेकने, थोडे रोख" असं म्हणतात.

घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. शिवाय दस्तात किंमत कमी दाखवली की कर्जही कमी बसतं आणि उद्या तुम्ही विकाल तेव्हा नफा फुगलेला दिसतो. रोख देऊन वाचतो तो विकणाऱ्याचा कर.

दक्षिणमुखी आहे, घ्यावं का?

घासाघीस करायला याहून चांगलं कारण नाही. वाऱ्या-उन्हाचं म्हणाल तर आम्ही पश्चिमेच्या भिंतीकडे जास्त बघतो. झोपायची खोली पश्चिमेला असेल आणि बाहेर सावली नसेल, तर मे महिन्यात रात्री अकरापर्यंत ती भिंत हाताला गरम लागते. अशा घरात दुपारी चारला जाऊन भिंतीला हात लावून बघा.

अंगणातला कडुनिंब तोडता येईल का?

महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय नाही. १९७५ चा कायदा आहे. भिंतीला खेटून नसेल तर तोडूही नये, तो पश्चिमेला असेल तर मुळीच नाही.

आम्ही विकणारे आहोत. आधी रंग देऊन घ्यावा का?

रंगाचे पैसे वसूल होत नाहीत. जाणता माणूस ताजा रंग बघून उलट जास्त ठोकून बघतो. तेच पैसे आधी वारस नोंद करून घेण्यात, मोजणी करण्यात, पाणीपट्टीची थकबाकी भरण्यात आणि गच्चीचे पाइप मोकळे करण्यात घाला. कागदांची फाइल तयार असलेलं घर लवकर जातं आणि भावात फार तोडावं लागत नाही.

करासाठी आणखी एक काम आधीच करा. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचं असेल तर मूळ खर्चाऐवजी त्या तारखेचं बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येतं. १९८४ मध्ये लाख-दीड लाखात बांधलेल्या घराला याने मोठा फरक पडतो. जमीन-इमारतीसाठी हे मूल्य त्या वेळच्या रेडीरेकनरपेक्षा जास्त धरता येत नाही. नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल व्यवहार ठरण्याआधी घेतला, तर हातात नेमके किती पडणार हे कळून भाव सांगता येतो.